चौथा माणूस पाठवण्यापूर्वी

घरी राहून रुग्णांची आणि वृद्धांची सेवा करणारी माणसे पुरवणाऱ्या पुण्यातील एका ब्युरोमध्ये मी समन्वयक म्हणून काम करते. कोणत्या घरी कोणाला पाठवायचे, कामाचे स्वरूप काय राहील, रजेच्या दिवशी बदली कोण जाईल आणि तक्रार आली तर ती नेमकी कशाची आहे, हे पाहणे माझ्याकडे असते. ‘माणूस टिकत नाही’ ही आमच्याकडची नेहमीची तक्रार आहे. पिंपळे गुरवमधील एका घरातून तीच आली, आणि तेथे घालवलेल्या एका दिवसानंतर नव्या कुटुंबाशी बोलण्याची माझी पद्धत बदलली.

त्या घरातील काका ७९ वर्षांचे होते आणि एसटीच्या दापोडी येथील कार्यशाळेतून निवृत्त झाले होते. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला होता आणि बोलणेही गेले होते. डावा मेंदू बाधित झाला की पुष्कळ रुग्णांची वाचा अशी जाते. परंतु बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे नसते. काकूंचे गुडघे दुखावलेले, मुलगा आणि सून दोघेही हिंजवडीत नोकरीला, मुलगी सांगलीला. रुग्णालयातून घरी आणण्याच्या आदल्या दिवशी मुलाने आम्हाला फोन केला आणि ‘बारा तासांसाठी विश्वासू पुरुष माणूस’ मागितला.

असा फोन आला की मी आधी रुग्णाच्या अंगावर कोणत्या नळ्या आहेत हे विचारते. नाकातील नळीतून अन्न देणे, लघवीची नळी बदलणे, इंजेक्शन देणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. परिचारिकेच्या प्रशिक्षणापैकी एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि जीएनएमचा (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन वर्षांचा. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, खुर्चीत बसवणे, डायपर बदलणे ही कामे अनुभवी सेवक किंवा मावशी चांगली करतात. हा फरक कुटुंबाला सुरुवातीलाच समजावून सांगणे मला फार गरजेचे वाटते, कारण पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकाला ‘सिस्टर’ किंवा ‘ब्रदर’ म्हणून त्याच्याकडून परिचारिकेचे काम करून घेतले जाते आणि त्यात रुग्णाच्या जिवाला धोका असतो. काकांची नाकातील नळी रुग्णालयातच काढलेली होती, म्हणून सेवक पुरेसा होता.

पुरुष सेवक मिळणे कठीण असते. आमच्याकडे येणारे बहुतेक जण नांदेड, लातूर, परभणी या भागांतले. शहरात कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन राहतात आणि दोन पैसे गावी पाठवतात. अशा तिघांना मी त्या घरी एकामागून एक पाठवले. पहिला चार दिवसांत परतला, दुसरा आठवड्यात. दोघांचे सांगणे एकच होते, ‘काका मारतात.’ घरच्यांचे म्हणणे असे, की बाबांना परका माणूस खपत नाही आणि आमची माणसे उद्धट आहेत. तिसरा मुखेडकडचा होता. हाताला वळण असलेला आणि सहजासहजी काम न सोडणारा. त्यानेही जेव्हा हात जोडले, तेव्हा चौथा माणूस पाठवण्यापूर्वी आपण तेथे बसून पाहावे असे मी ठरवले. त्याला एका दिवसासाठी परत यायला राजी केले आणि सकाळी त्याच्याबरोबरच त्या घरी गेले.

सकाळचे खाणे मी मुद्दाम जवळून पाहिले. काकांना पूर्ण ताठ बसवले होते. नाचणीची घट्ट पेज लहान चमच्याने, तोंडाच्या डाव्या म्हणजे चांगल्या बाजूने, हनुवटी किंचित खाली ठेवून तो भरवत होता आणि एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा देत होता. पक्षाघातानंतर पातळ पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती अधिक असते, आणि खाऊन झाल्याबरोबर आडवे केले तर ती आणखी वाढते. पुरे झाले तेव्हा काकांनी डाव्या हाताने त्याच्या मनगटावर दोनदा थोपटले. तोही लगेच थांबला. अर्ध्या तासाने त्याने चाकाची खुर्ची काकांच्या डाव्या बाजूला लावली, ब्रेक लावले, लुळा हात न ओढता कमरेला आधार दिला आणि त्यांना त्यांच्या चांगल्या पायावर भार देत खुर्चीत बसवले. लुळ्या हाताला धरून उचलल्यामुळे खांदा निखळलेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे त्याची ही काळजी पाहून मला समाधान वाटले. काका गॅलरीत शांत बसले. परका माणूस न खपणाऱ्याचे हे वागणे नव्हते.

दहाच्या सुमारास अंग पुसण्यासाठी त्यांना पुन्हा पलंगावर घेतले. सेवकाने दार लोटले, खिडकीचा पडदा ओढला. काकू बाहेर गेल्या, मी दाराशी पाठ करून उभी राहिले. चादर बाजूला होताच मागे धडपड ऐकू आली. वळून पाहिले तर पाण्याचा मग जमिनीवर होता आणि काका डाव्या मुठीने सेवकाच्या छातीवर मारत होते. मूठ सुटली की तोच हात चादर ओढून गळ्यापर्यंत नेत होता. एवढ्यात खोलीत सुनेचा आवाज आला, ‘बाबा, असं करू नका ना, ते तुमच्यासाठीच करतायत.’ सून ऑफिसात होती. आवाज कपाटावरच्या लहान पांढऱ्या कॅमेऱ्यातून आला होता, आणि काकांची नजरही सेवकावर नसून त्या कॅमेऱ्यावर होती.

मी सेवकाला थांबायला सांगितले आणि काकांना नीट पांघरूण घातले. वाचा गेलेल्या रुग्णाचे ‘हो’ आणि ‘नाही’ कधी कधी उलटसुलट होते, म्हणून आधी त्याला माहीत असलेल्या गोष्टी विचारून पाहाव्या लागतात आणि मुख्य प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. होकारासाठी अंगठा वर, नकारासाठी पंजा हलवायचा असे ठरवले. ‘काका, तुम्ही एसटीत होतात ना?’ अंगठा वर झाला. ‘रेल्वेत होतात?’ पंजा हलला. ‘या दादाचा राग येतो का?’ पंजा. ‘हा कॅमेरा इथे राहू द्यायचा?’ पंजा जोरात हलला. ‘काढायचा?’ अंगठा वर गेला, आणि मी खुर्चीवर चढून कॅमेऱ्यावर टॉवेल टाकेपर्यंत तो वरच होता. त्यानंतर त्याच सेवकाने त्यांचे अंग पुसले, पाठीला पावडर लावली, डायपर बदलला. काकांनी कूस वळवताना पलंगाचा कठडा धरून त्याला मदतसुद्धा केली.

दुपारी काकूंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘कारखान्यातून आले की आधी मोरीत जायचे, हातपाय धुवून सदरा बदलायचे, मगच पुढच्या खोलीत यायचे. माझ्यासमोरही हे कधी उघड्या अंगाने बसले नाहीत. आणि आता तीन मोबाइलवर...’ मुलगा, सून आणि सांगलीची मुलगी, तिघांच्याही मोबाइलवर ते चित्र दिसत होते. त्यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते हे मी आजही ठामपणे सांगेन. परंतु जन्मभर ज्या गोष्टीला माणूस जपत आला, ती त्याच्या आजारपणात त्याला न विचारता काढून घेतली गेली होती, आणि तिच्यासाठी भांडायला त्याच्याजवळ एक डावा हात तेवढा उरला होता.

त्या दिवशी इतरही गोष्टी दिसल्या. सेवकाला मधूनच भाजी आणायला पाठवले जात होते, फरशी पुसायला सांगितले जात होते, आणि शौचाला खाली वॉचमनच्या शौचालयात जावे लागत होते. तेवढा वेळ काकांजवळ फक्त काकू असत, आणि काकांना सावरणे त्यांना शक्य नव्हते. जो माणूस आपल्या वडिलांचे मलमूत्र साफ करतो त्याला घरातले शौचालय बंद ठेवणे मला कोणत्याही कारणाने पटत नाही, आणि अशी अट घालणाऱ्या घराला मी आता सुरुवातीलाच नकार देते. सेवकाची जात विचारणाऱ्या घरालाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला. तो आधी चिडला, कारण टॉवेल टाकल्यामुळे मोबाइलवर काळोख दिसत होता. त्याची भीती मात्र खरी होती. घरात एकटे वृद्ध आणि अनोळखी माणूस, त्यातून चोरीच्या आणि मारहाणीच्या बातम्या. कोणत्याही मुलाला ही काळजी वाटणारच. मी त्याला म्हटले की कॅमेरा मुख्य दाराकडे तोंड करून पॅसेजमध्ये लावा आणि सेवकाला तसे सांगून ठेवा. विश्वासासाठी दुसरे, अधिक पक्के मार्ग आहेत: आधारची प्रत घ्या, पोलीस पडताळणी झाली आहे का ते पाहा, तो आधी जेथे होता त्या दोन घरांना स्वतः फोन करा, अधूनमधून न सांगता घरी या. रोज रात्री माकडहाड, टाचा आणि खुब्याची कातडी स्वतः पाहा. जागा लाल झाली असेल आणि दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे सतत एका कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात असते. दर दोन तासांनी कूस बदलली का, पाणी किती गेले, लघवी आणि शौच कितीदा झाले, हे वहीत वेळेसह लिहायला लावा. वडिलांना कसे वागवले जाते हे ती वही आणि ती कातडी कॅमेऱ्यापेक्षा अधिक सांगतात.

‘पण बाबांना काय हवंय ते कळणार कसं?’ त्याने विचारले. मी त्याला अंगठा आणि पंजाची खूण दाखवली. तो पलंगाशी बसला आणि बाबांना पहिला प्रश्न विचारला तो सेवकाचाच होता: ‘हे दादा उद्यापासून येऊ देत का?’ अंगठा वर झाला. त्याने तोच प्रश्न उलटा विचारला, ‘दुसरं कोणी बघू का?’ पंजा हलला.

त्याच बैठकीत आम्ही कामाचा कागद केला. काकांची सर्व कामे सेवकाची, भाजी आणि फरशी त्याची नाही. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी काकांच्या झोपेत जेवणासाठी वेळ, घरातले शौचालय खुले. पगाराची तारीख ठरली, आणि आमचे कमिशन वजा जाता सेवकाच्या हातात किती पडतात हा आकडाही कागदावर लिहिला गेला; तो कुटुंबाला माहीत असलाच पाहिजे असा माझा आग्रह असतो, कारण भरपूर पैसे मोजणारे घर आणि कमी पैसे मिळणारा माणूस यांच्यात नको तो दुरावा त्यातूनच निर्माण होतो. आंघोळीच्या वेळी खोलीत कोण असेल हे काकांना विचारून ठरवले: फक्त सेवक, काकूसुद्धा नाहीत.

मुखेडचा माणूस तेथे रुळला. दिवाळीला त्याला गावी जायचे होते, तेव्हा बदलीचा माणूस थेट रजेच्या दिवशी न पाठवता मी आधीच काकांच्या भेटीला नेला. त्याने खोलीत येताच काकांना न विचारता त्यांचा लुळा हात उचलून पाहिला. काकांनी पंजा हलवला. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, दुसरा आणते. दुसऱ्या दिवशी नेलेला माणूस पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन बसला, आपले नाव आणि गाव सांगून काकांना म्हणाला, ‘चालेल का मी?’ काकांनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले, थोडा वेळ घेतला आणि अंगठा वर केला. त्या दिवाळीत बदलीवर तोच गेला.