जोडी

"मॅडम, दुसरा तं बाबानं इकला."

पोळ्यासाठी तिसरीच्या वर्गात आज मातीचे बैल केले. काळी माती, शिंगांना आगकाड्या, झुलीला चॉकलेटचे चकचकीत कागद. सगळ्यांच्या जोड्या झाल्या, याचा बैल एकटाच. मी सहज विचारलं, जोडी कुठाय?

उत्तर देऊन तो पुन्हा कामाला लागला. बोट ओलं करून बैलाचा खांदा चोळत होता. आदल्या संध्याकाळी हळद-तूप लावून खांदे शेकतात ना, अगदी तसंच. ओठात पुटपुटत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

गोठा अर्धा रिकामा झालेलं लेकरू माझ्याच वर्गात बसलंय, हे मला आज कळलं.

बाजूच्या पोरीनं आपली जोडी त्याच्या बैलाशेजारी सरकवली. तिन्ही खिडकीत वाळताहेत.

तुमच्या गावात यंदा तोरणाखाली किती जोड्या उभ्या राहतील?