पाय टेकतात का?

मोटारसायकल घ्यायचीय असं बाईनं म्हटलं की साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, ‘पाय टेकतात का?’ किंमत, ॲव्हरेज, रंग हे सगळं नंतर. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे मला तो जरा जास्तच आपुलकीनं विचारला जातो. विचारणारा आधी माझ्या चपलांकडं बघतो, मग सीटकडं, आणि मग दुसरीकडंच कुठंतरी.

प्रश्न अगदीच फुकाचा नाही. ॲक्टिव्हावर इतकी वर्षं काढलेल्या बाईला दोन्ही तळपाय रस्त्यावर सपाट ठेवायची सवय झालेली असते. रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर उंचीवर, हंटरची ७९० वर. ज्या स्प्लेंडरला किटल्या अडकवून आमच्याकडं दूध येतं, तिचीसुद्धा ७८५. कागदावर हंटर आणि स्प्लेंडरमध्ये पाच मिलिमीटरचा फरक. प्रत्यक्ष बसलं की कळतं, सीटची रुंदी या आकड्यात कुठं धरलेलीच नसते. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढा पाय आखूड पडतो. अरुंद सीटवर तोच पाय सरळ खाली जातो. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर आहे, तिच्यावर माझे पाय टेकून वर गुडघाही वाकला. पण ती गाडी लांबलचक. हायवेला झकास, आमच्या बोळाच्या कोपऱ्यावर मात्र तिला वळवायचं म्हणजे आधी शेजाऱ्यांच्या कुंड्या हलवायला लागतील.

शिवाय खरं म्हणजे एक पाय टेकला तरी भागतं, हे कुणी सांगतच नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर. चढावर थांबायची वेळ आली तर तीच रीत आहे. उजव्या पायानं गाडी धरून ठेवायची, क्लच हळूहळू सोडत गाडी ओढायला लागली की ब्रेक सोडायचा. दोन्ही पाय खाली टेकून बसलात तर मागचा ब्रेक दाबणार कोण?

चढाचं एवढं सांगतेय कारण आमचं गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत बसलंय. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं निघालात की चढ, तिथून समर्थ मंदिराकडं आणखी चढ. अशा गावात माझ्या लेखी उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. क्लासिक १९५ किलोची, हंटर १८१ ची, स्प्लेंडर ११२ ची. चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही, सगळी परीक्षा बंद गाडीची. उताराकडं तोंड करून गाडी लावली आणि समोर भिंत असली, तर मागं ओढायची कुणी? मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नाही. गाव बुलेटवेडं आहे, मलाही तिचा आवाज आवडतो, पण बोळात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘भाऊ, जरा हात लावता का’ म्हणायची माझी तयारी नव्हती.

एका शोरूममध्ये भाच्याला बरोबर नेलं होतं. प्रश्न मी विचारत होते आणि विक्रेता उत्तरं त्याला देत होता. शेवटी म्हणाला, ‘सर, मॅडमसाठी स्कूटर पलीकडं आहेत.’ सर अजून एस. वाय. ला आहेत. सरांनी तिथंच मोबाइल काढून त्यात तोंड घातलं.

शिकवलं मात्र त्यानंच, त्याच्या गाडीवर. रविवारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात. हाताला लागलेलं स्कूटरचं वळण मोडणं हाच त्यातला अवघड भाग. स्कूटरला डाव्या मुठीशी ब्रेक असतो, मोटारसायकलला क्लच. घाबरल्यावर डावा हात आपोआप आवळला जातो, इंजिनाची पकड सुटते आणि उतारावर गाडी थांबायच्या ऐवजी जास्तच मोकळी पळते. ‘आत्या, उजवा दाब, उजवा!’ असं ओरडत पोरगं बाजूनं धावत असायचं.

याच एमआयडीसीत एके काळी प्रिया स्कूटर तयार व्हायची. बजाज आणि सरकारी महामंडळानं मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, तिचा हा कारखाना. आमच्या आबांकडं प्रियाच होती. डावी मूठ पिरगाळून गिअर टाकायचे. गावात तयार झालेली गाडी गावातल्या किती बायकांनी चालवली असेल? आईनं तर तिच्या हँडलला पुसण्यापुरताच हात लावला.

पुढच्या सीटचं जाऊ दे, मागच्या सीटवर मात्र आपला विचार भरपूर झालाय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम याच कामाचा: मागं बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. म्हणून ते साडी गार्ड. वर लेडीज फूटरेस्ट वेगळा मिळतो, एका बाजूला पाय सोडून बसणारीसाठी. पुढं आल्यावर क्लचची दांडी माझ्या बोटांच्या जेमतेम पहिल्या पेराला लागते. काही गाड्यांना ती जवळ-लांब करायची सोय असते, पण ते विक्रेत्याला खोदून विचारावं लागतं.

गैरसोयी आहेतच, लपवण्यात अर्थ नाही. सीटखाली डिकी नाही, पायाशी फळी नाही. दळणाचा डबा ठेवायचा कुठं, हा जाऊबाईंचा प्रश्न मला विक्रेत्याच्या सगळ्या माहितीपेक्षा वजनदार वाटला. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. दळण ॲक्टिव्हावरच जाणार.

तर मी स्प्लेंडर घेतली, तीही जुनी. पहिली गाडी जुनीच घ्यावी या मताची मी आहे. आडवी झाली तर टाकीपेक्षा आधी आपला गुडघा बघायचं सुचतं. भाच्यानं नाक मुरडलं. ‘आत्या, दूधवाल्याची गाडी!’ असू दे. मेढ्याला बंद पडो नाहीतर वाईला, दुरुस्त करणारा सापडतो. दुसऱ्या बऱ्याच गाड्यांना पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर उचलायचे, चवड्यानं. हिचे चारही पुढं दाबूनच पडतात आणि मागं यायला टाच आहे, त्यामुळे चप्पल घालूनही चालते. (बूट घाला असं सगळे सांगतात, बरोबरच सांगतात.) आणि आरसी बुकावर माझं नाव आहे. ॲक्टिव्हा इतकी वर्षं मी चालवली, पण ती यांच्या नावावर.

गाडी बघायला आई आली. तिनं हँडलकडं ढुंकूनही बघितलं नाही, सरळ मागं गेली आणि सीट दाबून बघितली.

‘आबांच्या मागं एका अंगाला बसून बसून कंबर गेली माझी. आता मी दोन्हीकडं पाय टाकून बसणार. पंजाबी ड्रेस टाकलाय शिवायला, शुक्रवारी मिळतोय.’

मग वाकून तिनं तो लेडीज फूटरेस्ट हलवला. ‘ह्यो काढून टाकायला सांग गॅरेजवाल्याला. नुसता खडखडतोय.’