फ्लॉरेन्सच्या संगमावर

आठवीच्या सुट्टीत आई-आबांबरोबर टूरच्या बसने युरोप पाहिला, तेव्हा फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम तीन तास आले होते. चौकातला मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाहिला (ती १९१० साली बसवलेली प्रत आहे हे खूप नंतर कळलं), पोन्ते वेक्कियो या जुन्या पुलावरची सोन्याची दुकानं बाहेरूनच पाहिली आणि बसमध्ये येऊन बसलो. आमच्या कोल्हापूरच्या एका छत्रपतींना याच गावाच्या टोकाला अग्नी दिला होता, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आबा तर त्यांच्याच नावाच्या राजाराम कॉलेजात शिकलेले!

यंदा बावीस वर्षांनी एकटी गेले. चार दिवस राहिले. खरा डेव्हिड निवांत बघितला, तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढले. घुमटाला आत-बाहेर दोन कवचं आहेत आणि जिना त्यांच्यामधून जातो. वर जाऊ तशी भिंत अंगावर कलत येते. १४३६ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या विटांवर तळहात टेकवून दम घेतला. पण मी आले होते ते दुसऱ्याच जागेसाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी आर्नो नदीच्या काठाने काशिने बागेत शिरले. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ गाईगुरांचे गोठे असा आहे, माझ्या कानाला मात्र त्यात काशीच ऐकू आली. बाग लांबच लांब. सायकलवाले, कुत्री फिरवणारी माणसं मागे पडत गेली आणि शेवटच्या टोकाला, झाडांच्या सावलीत, महाराजांच्या स्मारकाची छत्री दिसली.

राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना इथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला गेले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि तिथे उघड्यावर दहन ही न ऐकलेली गोष्ट. तरी परवानगी मिळाली आणि आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर आपल्या रीतीने चिता रचली गेली. परक्या मुलखात, ऐन थंडीत, त्यांच्याबरोबरच्या माणसांनी संगमच शोधला, याने माझे डोळे भरून आले. आमच्याकडे कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या संगमावर हेच तर करतात.

छत्री १८७४ ची. ती चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराने आखली, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. आतला अर्धपुतळा शिल्पकार फुलरचा, आणि तो रंगवलेला आहे. शहरभर पांढरा संगमरवर पाहून आल्यावर इथे सावळा चेहरा, पगडी, गळ्यातले दागिने दिसतात. मिसरूड फुटलेलं पोर वाटतं हो. गावातले लोक या जागेला नुसतं ‘इंदियानो’, म्हणजे भारतीय, म्हणतात. शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

आबांना व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा पुतळ्याकडे वळवला तर पलीकडून काहीच आवाज येईना. बघते तर आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

मग म्हणाले, “नदीला पाणी हाय न्हवं? संगम दाव बघू.”

मी फोन धरून काठापर्यंत चालत गेले.