कूलर लागला आणि पॅड बसला

मागच्या नोंदीत व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमसाठी ज्या काळ्या कंट्रोल माउसपॅडला (कंट्रोल म्हणजे माउसला थोडा अडवणारा, स्पीड म्हणजे पळू देणारा) मी डोक्यावर घेतलं होतं, त्यावर माउस आता चिखलात फिरवल्यासारखा चालतोय. पॅड तोच, माउस तोच, स्केट्स (माउसखालच्या गुळगुळीत पट्ट्या) नवे कोरे, सेन्स (गेममधली माउसची संवेदनशीलता) तीच. बदललंय एवढंच की सोलापुरात एप्रिल तापला आणि खोलीत कूलर सुरू झाला. खरं तर या वेळी हेडसेटच्या गाद्यांचा सविस्तर हिशोब द्यायचा होता. तो खाली थोडक्यात उरकलाय, कारण पॅडनंच सगळ्या संध्याकाळी खाल्ल्या.

लक्षणं सांगतो. मोठा फ्लिक, म्हणजे माउसचा झटका, व्यवस्थित जातो. घोटाळा होतो तो बारीक दुरुस्तीत. क्रॉसहेअर (नेमाची खूण) शत्रूच्या डोक्याच्या केसभर बाजूला थांबतो, मी हलकासा रेटा देतो, माउस हलत नाही. अजून थोडा देतो तर एकदम सुटतो आणि क्रॉसहेअर डोक्याच्या पलीकडे. व्हँडल रायफलची पहिली गोळी भिंतीत. सकाळी हाच पॅड सरळ चालतो, रात्री दहानंतर रुसतो. रँक किती घसरली ते विचारू नका.

मोजायला आपली जुनी फळी काढली. नव्यांसाठी थोडक्यात: ५० सेंटिमीटरची फळी, तिच्यावर पॅड, पॅडवर वायरलेस माउस. एक टोक टेबलाला टेकवून दुसरं हळूहळू उचलायचं आणि माउस सुटला की उंची मोजायची. त्या उंचीला खालच्या आडव्या अंतरानं भागलं की स्थिर घर्षणाचा गुणांक मिळतो; तो जितका मोठा तितका माउस जास्त अडतो. वजन यात दोन्हीकडून कटतं, त्यामुळे हलका माउस की जड माउस हे भांडण इथे आणू नका. सकाळी उंची १२ सेंटिमीटर, म्हणजे ०.२५ च्या आसपास. रात्री १६, म्हणजे ०.३४. हाताला जाणवत होतं ते खोटं नव्हतं, हे बघून आधी बरंच वाटलं.

पहिला संशय उष्णतेवर. खालचं रबर तापून मऊ पडत असेल, माउस रुतत असेल, असं वाटलं. म्हणून भर दुपारी कूलर बंद ठेवून खेळलो. खोलीत ३८ अंश, वर तापलेला स्लॅब, घरातले सगळे पुढच्या खोलीत आडवे. आणि पॅड चक्क पळत होता! सकाळपेक्षाही किंचित बरा. उष्णता संशयातून सुटली.

मग दुसरा संशय, दमट हवा. त्यासाठी पॅड रात्रभर कूलरसमोर खुर्चीवर टाकून ठेवला, त्याला हात लावला नाही. सकाळी फळीवर घेतला तर ०.२६. म्हणजे जवळपास काहीच नाही. इथे मी अडकलो. कूलर चालू असताना पॅड बसतो, पण नुसत्या कूलरनं बसत नाही.

आमच्या गल्लीत यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले एक अण्णा आहेत. चादर, टॉवेल सगळं विणून झालंय. त्यांना पॅड दाखवला. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला, उजेडात धरला आणि म्हणाले, "पॉलिस्टर हाय बाळा. ह्ये हवेतलं पाणी पीत नाही. सूत पितं." नंतर आकडे बघितले तर अण्णांचं बरोबर. ६५ टक्के आर्द्रतेला सूत आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरतं आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. मागाच्या शेडमध्ये मुद्दाम ओलावा का ठेवतात तेही त्यांनी सांगितलं: सुती धागा दमट असला की दमदार राहतो, कोरडा पडला की तुटतो. बोलण्याच्या ओघात त्यांनी आमच्या खेळाला "ते बंदुकीचं" म्हणून निकालात काढलं, ते असो.

हायब्रिड पॅडवाल्यांनी मात्र इथे कान द्या. त्या पॅडवरचं कॉर्ड्युरा हे दणकट कापड बहुतेक वेळा नायलॉनचं असतं, आणि नायलॉन त्याच आर्द्रतेला ४ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, पॉलिस्टरच्या दहापट. म्हणजे हिशोबानं माझा निळा हायब्रिड आधी बसायला हवा होता. तो बसला, पण थोडाच. पॉलिस्टरचा काळा मात्र पार झोपला. धागा पाणी पीत नसेल तर पाणी आहे कुठे?

उत्तर पॅडच्या कोपऱ्यात सापडलं. खेळून झाल्या झाल्या एकाच पॅडवर दोन ठिकाणी फळी लावली. वरचा डावा कोपरा, जिथे माझा हात कधी जातच नाही, तो ०.२६. मधला पट्टा ०.३४. हवा दोन्हीकडे तीच. फरक फक्त हाताचा. म्हणजे घाम.

पण दुपारी तर घाम जास्त येतो, तरी पॅड पळतो, हे कसं? कारण दुपारच्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो. खोलीतला आर्द्रतामापक तेव्हा २० टक्क्यांच्या आसपास दाखवतो. रात्री दार-खिडकी लावून कूलर चालवला की तोच ७० च्या पुढे. अंगाला गार वाटतं, पण मनगटाखालचा घाम वाळत नाही. आणि पॉलिस्टरची विण तो धाग्यात न घेता धाग्यांच्या मधल्या फटींतून ओढून पसरवते. खेळाडूंच्या जर्सीत हाच गुण पैसे मोजून घेतात, कारण तिथे पसरलेला घाम लवकर वाळावा अशी अपेक्षा असते. आमच्या बंद खोलीत तो पसरतो आणि तिथेच बसतो. वाळला तरी मीठ मागे उरतं.

जुळे सोलापुरातला माझा ड्युओ, म्हणजे जोडीदार खेळाडू, मला इतके दिवस खुळ्यात काढत होता, कारण त्याच्या पॅडला काहीच होत नाही. त्याचंही कोडं सुटलं. माझं ८०० डीपीआय (माउस एका इंचात किती ठिपके मोजतो तो आकडा) आणि ०.३ सेन्स, म्हणजे व्हॅलोरंटमध्ये पूर्ण गोल फिरायला जवळपास ५४ सेंटिमीटर. आख्खा हात कोपरापासून पॅडभर घासतो. तो ०.७ वर खेळतो, त्याला २३ पुरतात. मनगट एका जागी टेकलेलं, माउस दुसऱ्याच कोरड्या जागी फिरतोय. यूट्यूबवर पॅडचे निकाल देणारी बहुतेक मंडळी एसीच्या खोलीत बसलेली असतात. त्यांचा "स्पीड" आणि "कंट्रोल" तिथल्या हवेपुरता खरा. पॅडच्या निकालाशेजारी आर्द्रतेचा आकडा आणि खेळणाऱ्याची सेन्स लिहिलेली नसेल तर तो निकाल मी यापुढे अर्धाच धरणार.

इलाज. आधी धुलाई: कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, हातानं हलकं चोळणं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणं, सावलीत सपाट वाळवणं. आपल्याकडचं ऊन मोहात पाडतं, पण उन्हात रबर वळतं आणि कडा उचलतात. वॉशिंग मशीनचं नावही काढू नका. धुतल्यावर मधला पट्टा पुन्हा ०.२६ वर आला. त्या रात्रीचा पहिला डेथमॅच (सरावाचा सामना) असा गेला की मी एकटाच हसत बसलो होतो.

पण ओला हात पुन्हा तेच करणार. लायक्राची स्लीव्ह मागवली, बरी आहे, घासत नाही, पण तीही पॉलिस्टरचीच बहीण, तासाभरात ओली होते. मग आईनं एक जुना सोलापुरी नॅपकिन कापून मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत बाही शिवून दिली. टेरीचे फासे आतल्या बाजूला, बाहेर जुन्या सुती बनियनचं कापड. सूत पाणी पितं, अण्णांचं वाक्य तिथे कामाला आलं. दोन बाह्या केल्या, एक ओली झाली की दुसरी. दिसायला हास्यास्पद आहे, पण रात्री बारा वाजता पॅड ०.२८ वर टिकतो, आणि मला तेवढंच हवंय.

आता हेडसेट. लेदरेटच्या (नकली चामड्याच्या) गाद्या या मोसमात कानाला भजी तळल्यासारखं करतात, आणि घामानं त्यांची साल निघते ती वेगळीच. हायपरएक्सनं क्लाउड टू हेडसेटच्या खोक्यात वेलूरच्या (मखमली कापडाच्या) जादा गाद्या दिल्या, ही सवय सगळ्या कंपन्यांनी लावून घ्यायला हवी होती. बाकीच्या हेडसेटवाल्यांना जादा गाद्या ऑनलाइन शोधाव्या लागतात आणि मापात फसगत होते, आतला आणि बाहेरचा दोन्ही व्यास मोजूनच मागवा. नॅपकिनचं उरलेलं कापड होतंच, त्याची खोळ गाद्यांवर चढवली. कान कोरडे राहतात. कानाभोवतीची सील सुटते, त्यामुळे ४० हर्ट्झचा टोन वाजवला तर पूर्वीच्या मानानं पार पातळ. स्फोटांचा दणका गेला. पावलं मात्र उलट मोकळी ऐकू येतात, कारण त्यांचा ओळखू येणारा भाग बराच वरच्या पट्टीत असतो. गेममध्ये एचआरटीएफ (आवाजाची दिशा कळवणारी सोय) चालू असेल तर हेडसेटचं सेव्हन पॉइंट वन (तेच काम करू बघणारा सराउंड आवाज) बंद करा, हे मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी कुणीतरी दोन्ही चालू ठेवून "मागचा आवाज पुढून येतो" म्हणतं.

माइकचं त्रांगडं वेगळं. कूलर पाठीमागे होता तेव्हा टीमला माझ्या बोलण्यापेक्षा घरघरच जास्त जायची. हेडसेटच्या दांडीवरचा बूम माइक तोंडाकडे बघतो, म्हणजे त्याची पाठ, जी बाजू कमी ऐकते, माझ्या समोरच्या दिशेला असते. मग टेबलच फिरवून कूलर समोर घेतला. घरघर खरंच कमी झाली, पण थेट वारा माइकवर आदळून भर्र व्हायला लागलं. फोमची टोपी घातली आणि माइक ओठांच्या कोपऱ्याला सरकवला तेव्हा टीमनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. नवी पेठेत ती टोपी विचारली तर दुकानदारानं रंगीत दिव्यांचा पॅड दाखवला. दिवे सोडून काही विचारलं की त्यांच्या चेहऱ्यावर दया येते.

काचेचा पॅड घ्यायचा विचार पक्का होत आला होता. काच पाणी पीत नाही, विण नाही, फट नाही. पण हे लिहिता लिहिता आर्द्रतामापकाकडे बघतोय आणि वाटतंय, पॅडवर पैसे घालण्याआधी हवेवर घालावेत. डेझर्ट कूलरला आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली नुसती भिजत जाते. दार मी लावतो ते फक्त पुढच्या खोलीतली मालिका माइकमध्ये जाऊ नये म्हणून. आत्ता उठून दार उघडलं. आकडा ७१ वरून उतरत उतरत ५४ वर थांबला. मनगट कोरडं. आणि टीमला आता सासू-सुनेचा संवाद स्पष्ट ऐकू जातोय. आईचं म्हणणं दार उघडं ठेवलं की कूलर पाणी जास्त ओढतो, आणि नळाला पाणी रोज येत नाही. तेही खरंच आहे.

म्हणून काच रद्द. दारावरच्या झरोक्यात छोटा एक्झॉस्ट पंखा बसवतो आणि दार बंदच ठेवतो. रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय. पुढच्या वेळी बंद दार, पंख्यासह बंद दार आणि उघडं दार, तिन्हीचे फळीचे आकडे आणि माइकचं रेकॉर्डिंग टाकतो. तोवर पंढरपूर-बार्शीकडच्या कुणाकडे काचेचा पॅड आणि कूलर दोन्ही असतील तर मधला पट्टा आणि कोपरा वेगवेगळा मोजून कळवा. ५० सेंटिमीटरची फळी, स्केट्स पुसलेले, वायर काढलेली.