शिकागोतली मक्याच्या पिठाची रांगोळी

आमच्या मालवणच्या घरी देवघराला लागून असलेल्या भिंतीवर अॅनी बेझंटबाईंचा फोटो होता. आजोबा मुंबईला नोकरीत असताना थिऑसॉफिकल सोसायटीच्या, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं एकच गूढ ज्ञान शोधणाऱ्या संस्थेच्या, व्याख्यानांना जात. तिचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ साली मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले, हे ते आम्हाला घरातल्याच कुणाची हकिगत सांगावी तसं सांगायचे. हेच आजोबा दसऱ्याला गावी आले, की लुगडी नेसवलेले तरंग, म्हणजे देवांचे खांब, निघताना गर्दीत पुढे जाऊन उभे राहत. तरंग धरणाऱ्याच्या अंगात अवसर आला, की हात जोडून गाऱ्हाणं ऐकत आणि सगळ्या गावाबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत. फोटोतल्या बाई आणि देवळातला अवसर यांचं आजोबांच्या मनात कधी भांडण झालं नाही. माझ्या मनात झालं, आणि बरीच वर्षं चाललं. म्हणूनच गूढ ज्ञान आणि अंगात येणारे देव एकत्र शिवू पाहणाऱ्या मायकेल बर्टिओ या अमेरिकन माणसाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते सोडून देऊ शकले नाही.

हा माणूस १९३५ साली सिएटलला जन्मला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अँग्लिकन चर्चच्या कामासाठी, तत्त्वज्ञान शिकवायला म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत गेला. तिथे त्याची गाठ पडली ती वोडू, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तिथे जपलेला देवतांचा धर्म, जाणणाऱ्या आणि फ्रेंच गूढपंथांशी नातं सांगणाऱ्या मंडळींशी. त्यांच्याकडून दीक्षा घेऊन तो परतला, काही काळ शिकागोजवळच्या व्हीटनच्या थिऑसॉफिकल सोसायटीत काम केलं, आणि मग शिकागोत समाजसेवकाची नोकरी करता करता रात्री स्वतःचा पंथ मांडत बसला. प्राचीन ख्रिस्ती जगातले ज्ञानमार्गी नॉस्टिक आणि हैतीचा वोडू यांची ती सांगड होती. टपालाने धडे पाठवायचे, घरबसल्या शिकवायचं, अशी त्याची रीत. ते धडे १९८८ मध्ये 'वूडन नॉस्टिक वर्कबुक' या सहाशेहून जास्त पानांच्या ग्रंथात एकत्र आले. मी तो पुण्यात एका मित्राकडून आणून वाचला. अर्धा कळला नाही. पण ज्या शहरात तो लिहिला गेला, ते पाहायची इच्छा तेव्हापासून होती.

२०१४च्या ऑक्टोबरात भाच्याने शिकागोला बोलावलं, आणि योग असा की त्याच महिन्यात तिथल्या फील्ड म्युझियममध्ये हैतीच्या वोडूवरचं मोठं प्रदर्शन सुरू झालं होतं.

पण सुरुवात केली व्हीटनपासून. ओगिल्व्ही स्टेशनवरून दुमजली लोकल सुटते, तासाभराच्या आत व्हीटन येतं. छोटंसं, नीटनेटकं, चर्चांचं गाव. सोसायटीची इमारत विटांची आहे, आवारात मोठी झाडं. हिची कोनशिला १९२६ साली बेझंटबाईंनी बसवली. आत शिरल्यावर दालनाच्या भिंतींवर विश्वाच्या उत्क्रांतीचं चित्र आहे, निळ्या-जांभळ्या रंगांत विरघळत जाणारं. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि मला एकदम आजोबांच्या खोलीतला वास आला: जुनी पुस्तकं आणि कापूर. तिथेच ऑलकॉटच्या नावाचं ग्रंथालय आहे. तिथे खिडकीपाशी बसून तीन तास वाचलं. बर्टिओच्या शिकवणीतल्या 'सात किरणां'चं, म्हणजे सृष्टीत वाहणाऱ्या सात दैवी शक्तिप्रवाहांच्या कल्पनेचं, मूळ इथल्याच कपाटांत आहे. आपल्या पत्रद्वारा चालणाऱ्या शाळेला त्याने सात किरणांचा मठ असंच नाव दिलं होतं.

त्या तीन तासांत मला खरं गुंतवलं ते एका अठराव्या शतकातल्या माणसाने. मार्तिनेझ दे पास्काली. फ्रान्समध्ये त्याने एक गूढ मंडळ काढलं, देवदूतांना आवाहन करण्याचे विधी शिकवले. मग १७७२ साली जहाजाने सें-दोमिंगला, म्हणजे आजच्या हैतीला गेला, आणि १७७४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला वारला. त्याच्या मागे त्याच्या शिष्यांतून मार्टिनिझम नावाचा प्रवाह फ्रान्समध्ये वाढला. पुढे १८९० मध्ये ज्यूल दुआनेल नावाच्या दफ्तरखान्यातल्या अभ्यासकाने तिथे नॉस्टिक चर्च पुन्हा उभं केलं, आणि हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. हैतीत बर्टिओला भेटलेली मंडळी आपली परंपरा याच धाग्याला बांधत. मधले बरेच दुवे फक्त त्यांच्याच सांगण्यावर उभे आहेत, हे मला मान्य आहे. पण पास्कालीचं मरण खरं आहे. ऊस पिळणाऱ्या, माणसं पिळणाऱ्या त्या बेटावर तो देवदूतांच्या आकृत्या घेऊन पोचला, आणि त्याच बेटावर आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसं रात्री जमिनीवर आपल्या देवतांच्या आकृत्या काढत होती. त्यांची एकमेकांशी भेट झाली की नाही, हा प्रश्न मला दिवसभर सोडेना.

दुसऱ्या दिवशी फील्ड म्युझियम. तळ्यावरून इतका वारा येत होता की पायऱ्या चढताना ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. प्रदर्शनात हैतीत राहिलेल्या मारियान लेमान या स्विस बाईंनी जमवलेल्या वस्तू होत्या. ढोल, बाटल्या, मण्यांनी मढवलेले झेंडे, आणि बिझांगो या गुप्त मंडळाच्या माणसाएवढ्या मूर्ती, लाल-काळ्या कापडाच्या, अंगभर आरसे लावलेल्या. एका मूर्तीच्या छातीवरच्या आरशात माझा चेहरा दिसला आणि मी मागे सरले. भीती नव्हती ती. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं होतं.

तिथेच नॉस्टिक आणि वोडू यांच्यातला मोठा पेच माझ्यासमोर उभा राहिला. नॉस्टिक हा शब्द आपल्या ज्ञान शब्दाचा सख्खा भाऊ, दोघांचा धातू एकच. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ त्यांच्या पोथ्या मडक्यात सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच पोथ्यांचं म्हणणं असं, की हे जग खऱ्या परमेश्वराने केलेलं नाही. एका खालच्या, आंधळ्या निर्मात्याने ते केलं, 'माझ्याशिवाय दुसरा देव नाही' म्हणून तो गर्जतो, आणि आत्मा या देहात कोंडला गेला आहे. ज्ञान झालं की सुटका. आता वोडूकडे बघा. तिथे बॉन्दिये, म्हणजे परमेश्वर, दूर आहे पण दुष्ट नाही. त्याच्या आणि माणसाच्या मधले देव, म्हणजे लोआ, जेवायला येतात, नाचायला येतात, आणि येतात ते माणसाच्या अंगात. आपल्याकडे ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात. हैतीत त्याला घोडा म्हणतात, लोआ त्याच्यावर स्वार होतो. एका मार्गात देह म्हणजे कोठडी, दुसऱ्यात देह म्हणजे देवाला बसायला दिलेला पाट. हे दोन एकत्र कसे शिवायचे? बर्टिओच्या पानांत यावर नकाशे आहेत, आकडे आहेत, अदृश्य जगांच्या लांबलचक याद्या आहेत. मला त्यात उत्तर सापडलं नव्हतं.

ते सापडलं, निदान मला पटण्यासारखं, मिशिगन अॅव्हेन्यूवर. शिकागो नदीवरच्या पुलाच्या उत्तरेला ज्याँ बातिस्त प्वँ द्यु साब्ल याचा अर्धपुतळा आहे. हा काळा व्यापारी, हैतीत जन्मला असं मानतात, १७८०च्या दशकात या नदीच्या मुखाशी घर बांधून राहिला. मूळच्या आदिवासींखेरीज शिकागोचा पहिला कायमचा रहिवासी म्हणून त्याचा मान. तिथून दक्षिणेला चालत गेलं की आर्ट इन्स्टिट्यूट लागतं, जिथे ११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंद बोलले. आपल्याकडून गेलेला प्रत्येक जण तिथे फोटो काढतो, मीही काढला. पण त्याच वर्षी त्याच शहरातल्या जागतिक मेळ्यात हैतीचंही दालन होतं, आणि त्याचा प्रतिनिधी होता फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून सुटलेला माणूस. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या बाकावर बसून मी बुआ कायमानचा, म्हणजे हैतीतल्या गुलामांचं बंड जिथून पेटलं त्या जागेचा, विचार करत राहिले. ऑगस्ट १७९१. रात्री जंगलात वोडूचा विधी झाला, बुकमान नावाच्या पुढाऱ्याने गोऱ्यांच्या देवाची मूर्ती फेकून द्यायला सांगितलं, तो देव गुन्हे करायला लावतो म्हणाला. मग मळे पेटले, आणि १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झालं. चाबूक हातात असलेला, 'माझ्याशिवाय दुसरा देव नाही' म्हणणारा देव खोटा आहे, हे बुकमानला कुठल्या पोथीने शिकवलेलं नव्हतं. तो मळा खरोखरच कोठडी होता. नॉस्टिकांनी जी गोष्ट साऱ्या विश्वाबद्दल सांगितली, ती त्या बेटावर रोज सकाळी घंटेबरोबर घडत होती. फरक इतकाच की त्या लोकांनी देहाला दोष दिला नाही. देह तर मालकाने चोरला होता; लोआ अंगात आला की तेवढा वेळ तो परत मिळायचा.

भाच्याला संध्याकाळी हे सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तू उद्या माझ्याबरोबर पोलिश चर्चमध्ये चल." मला वाटलं विषय बदलतोय. पण शिकागोत पोलिश वस्ती अफाट, आणि त्याच्या ऑफिसातल्या हैतीच्या मैत्रिणीने त्याला तिथे नेलं होतं. आत पोलंडमधल्या चेस्टोखोवाच्या काळ्या मेरीचं चित्र. सोन्याचा मुकुट, कडेवर बाळ, आणि गालावर दोन समांतर वण. अगदी जवळ जाऊन पाहिलं, तलवारीने ओरखडावं तसे. नेपोलियनने १८०२ च्या सुमारास हैतीचा उठाव चिरडायला पोलिश सैनिक पाठवले होते. त्यांतले काही जण बंडखोरांना मिळाले. त्यांच्याबरोबर ही मेरी आली असं सांगतात, आणि हैतीत ती एझिली दांतो ही लोआ झाली, गालावर वण असलेली, मुलांसाठी जीव टाकणारी, रागीट आई. भाच्याची मैत्रीण तिथे मेणबत्ती लावते. शेजारी एक पोलिश म्हातारी जपमाळ ओढत होती.

याच मैत्रिणीच्या आजीने मला २ नोव्हेंबरच्या रात्री बोलावलं. मृतांचा दिवस, गेदेंचा, म्हणजे मेलेल्यांच्या लोआंचा, सण. जाताना डेव्हॉन अॅव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानातून भाजलेले शेंगदाणे आणि कॉफी घेतली, कारण गेदेला दोन्ही आवडतं असं कळलं होतं. शहराच्या उत्तर टोकाला एका इमारतीच्या तळघरात पंचवीस-तीस माणसं. भिंतीपाशी टेबल, त्यावर जांभळं-काळं कापड, क्रूस, पाव, मिरच्या घातलेल्या दारूची बाटली. मधोमध छताला टेकलेला खांब. त्याला पोतो मितान म्हणतात, लोआ त्याच्यावरून उतरतात.

आजी खाली बसली. डाव्या हातात वाटी, उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीतून मक्याचं पीठ सुटू लागलं. रेघ सरळ, मध्येच किंचित जाड, वळणावर बोट जरा वर उचललं की बारीक. आधी लेग्बाची आकृती, कारण दार त्याने उघडल्याशिवाय कुणी येत नाही. लेग्बा चौरस्त्यावरचा म्हातारा. आमच्या तिठ्यावरच्या देवचाराला नारळ ठेवल्याशिवाय गावातलं कुठलंही काम सुरू होत नाही, तसंच. मग गेदेचा क्रूस, दोन बाजूंना शवपेट्या. माझी बोटं आपोआप हवेत चालायला लागली. दिवाळी नुकतीच झाली होती, हाताला सवय होती. आजीने मान वर न करता म्हटलं, "हात आवर. तुझी तुझ्या दारात काढ. ही मला माझ्या आईने दिली आहे."

मी हात मांडीखाली दाबून बसले. तिला राग आला नव्हता, मलाही लागलं नाही. उलट बर्टिओबद्दल मनात जे अडकलं होतं, ते तिथे मोकळं झालं. मी तिला विचारलं, पुस्तकातून, टपालाने हे शिकता येतं का? ती म्हणाली, "नावं शिकता येतात. लोआ जेवायला येतो. जेवायला कोण घालणार, कोणाच्या घरी, कोणत्या मेलेल्याच्या नावाने, ते पत्रात कसं लिहिणार?" मला बर्टिओ लबाड वाटत नाही. तो हैतीत राहिला, तिथल्या लोकांच्या हातून दीक्षा घेतली, आणि जे मिळालं त्यावर आयुष्य वेचलं. त्याच्या पानांत ढोल नाही, एवढंच. भुकेला देव नाही.

ढोल सुरू झाले आणि तासाभरात भाच्याच्या मैत्रिणीचा मामा, दिवसा बस चालवणारा शांत माणूस, एकदम ताठ झाला. कुणीतरी त्याच्या डोक्यावर काळी हॅट ठेवली, डोळ्यांवर एक काच काढलेला काळा चष्मा. आवाज नाकातून यायला लागला. गेदे आला होता. लोकांना अचकट विचकट बोलून हसवत, मिरच्यांची दारू पीत, तो लहान मुलांच्या पोटावरून हात फिरवत गेला. मुलांचं आजारपण तो बरं करतो. एका बाईच्या कानात काहीतरी बोलला आणि ती रडायला लागली. २०१०च्या भूकंपात तिची बहीण गेली होती, असं मागाहून कळलं. मग तो माझ्यासमोर थांबला, हात पुढे केला. मी शेंगदाण्यांची पिशवी दिली. त्याने मूठ भरून तोंडात टाकली आणि म्हणाला, "लांबून आलीस. तुझ्या म्हाताऱ्याला सांग, मला मिळाले."

माझ्या तोंडून नकळत "व्हय म्हाराजा" निघालं.

सगळे नाचत होते, आकृत्यांवरूनच. लेग्बाची रेघ पुसली, क्रूस पुसला, फरशीवर नुसती पिवळी धूळ उरली. पहाटे घरी आलो तेव्हा माझ्या बुटांच्या खाचांत ते पीठ अडकलेलं होतं. थंडीमुळे भाच्याने तुळशीची कुंडी आत खिडकीपाशी आणून ठेवली होती. मी दारातच बूट काढले, काडीने खाचा साफ केल्या आणि ते पीठ कुंडीतल्या मातीवर टाकलं.