ओकायू, इंद्रायणी आणि खानापूरचं मडकं

ओकायू म्हणजे जपानी मऊभात. तिला फोडणी नाही, मसाला नाही, शिजताना मीठसुद्धा नाही, म्हणजे सगळी मदार तांदूळ आणि पाणी या दोघांवरच, आणि मला वाटतं आपण मऊभात करताना नेमकं पाण्याकडंच बघत नाही, अंदाजानं ओततो, कुकरला दोन शिट्ट्या जास्त देतो आणि पळीनं घोटून मोकळे होतो. जपानी लोकांनी या पाण्याचा पार हिशोब मांडून ठेवलाय. एक वाटी तांदळाला ५ वाट्या पाणी म्हणजे झेनगायू, ७ घातल्या की शिचिबुगायू, १० ला गोबुगायू, १५ ते २० पर्यंत गेलं की सानबुगायू, आणि शितं गाळून नुसतं वरचं पाणी घेतलं की ते ओमोयू. तिथल्या हॉस्पिटलांत ऑपरेशन झालेल्या माणसाला आधी ओमोयू आणि मग पायरी पायरीनं घट्ट करत जेवणावर आणतात, आणि बाळाला पहिला भात भरवतात तोसुद्धा १० पट पाण्यात शिजवून बारीक कुस्करलेला.

मी यात शिरले ते बाबांच्या दाढा काढल्या तेव्हा. गरम नको, तिखट नको, चावायचं काही नको, आणि मेतकूट-गुरगुट्या भात खाऊन खाऊन ते कंटाळलेले. पहिला वाडगा पुढं ठेवल्यावर म्हणाले, "ह्यात फोडणी घातली नाहीस की गं?" आणि मग काही न बोलता सगळा संपवला.

तांदळाचं आधी सांगते, कारण सगळे तिथंच अडतात. जपानी तांदूळ आखूड, गोलसर आणि चिकट असतो, आणि ऑनलाइन त्याच्या छोट्या पाकिटाला जो भाव लावतात तो द्यायची खरंच गरज नाही. आपली इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ही जात काढली, १९८७ साली ती आली, आणि तिचा जो चिकटपणा पुलावाला नको असतो तोच इथं पाहिजे. बेळगाव बासमती माझा लाडका तांदूळ आहे, पण त्याचा वास इतका पुढं येतो की ओकायूचा साधेपणाच जातो, तो वरण-तुपासाठी ठेवा. आणि नवा तांदूळ मिळाला तर आणखी चांगलं. आपल्याकडं जुन्या तांदळाला मान, भात मोकळा होतो म्हणून, पण जपानात शरद ऋतूतल्या नव्या तांदळाची लोक वाट बघतात, आणि आपली सुगी संपल्यावर बेळगावजवळच्या खानापूरकडनं येणारा नवा तांदूळ या कामाला एकदम बरोबर.

आता भांडं. तिकडं यासाठी दोनाबे म्हणून मातीचं झाकणाचं भांडं असतं, इगा भागातली माती त्यासाठी नावाजलेली. नवीन दोनाबे आणलं की त्यात पहिल्यांदा पातळ ओकायूच मंद शिजवतात आणि तशीच पूर्ण गार होऊ देतात, त्यातला स्टार्च मातीच्या बारीक भोकांत जाऊन बसतो आणि भांडं पाझरत नाही, याला मेदोमे म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला, कारण खानापूरकडची माझी आत्या नवीन मडक्यात पहिल्यांदा पेजच उकळते, विचारलं तर म्हणते "मडकं पाणी पीत नाही मग". खानापूरची माती आपल्याकडं कुणाला सांगायला नको, खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्थासुद्धा तिथंच आहे. मी बाजारातनं जाड बुडाचं, पसरट तोंडाचं मडकं आणलं आणि त्यात करते. बाहेरनं बूड कोरडं पाहिजे आणि गॅस आधी बारीक, नाहीतर तडकतं. मडकं नसेल तर जाड बुडाचं पातेलं चालतं, फक्त मोठं घ्या, कारण हे उतू जाण्यात दुधासारखंच आहे.

माणशी अर्धी वाटी तांदूळ भरपूर होतो. हलक्या हातानं धुवायचा, जोरात चोळला की शितं मोडतात. मोजलेल्या पाण्यात अर्धा तास भिजू द्यायचा, त्याच पाण्यात चढवायचा. उकळी आली की बुडाला चिकटलेले दाणे सुटावेत म्हणून पळी तळापासनं एकदाच फिरवायची, आणि बस्स, त्यानंतर पळी बाजूला ठेवायची. गॅस एकदम बारीक, झाकण थोडं तिरकं, तीस-चाळीस मिनिटं. अधनंमधनं डोकावलं तर दिसतं, दाणे तळातनं वर येतात, बाजूला जातात, परत खाली बुडतात, पाणी स्वतःच ढवळत असतं. आपण ढवळलं की दाणा फुटतो, स्टार्च बाहेर येतो आणि खळ होते. न ढवळता केली की प्रत्येक शीत फुगलेलं पण अख्खं राहतं आणि भोवतीचं पाणी दाटसर, सायीसारखं होतं, जिभेवर दोन्ही वेगवेगळं लागतं. आपल्या घोटलेल्या भातात हे मिळत नाही. तो वाईट असं नाही म्हणत मी, त्याची चव तुपामेतकुटाची, हिची तांदळाची. मीठ सगळ्यात शेवटी, मग गॅस बंद करून झाकून पाच-दहा मिनिटं.

वर तिकडं उमेबोशी ठेवतात, मिठात मुरवून उन्हात वाळवलेलं आंबट फळ, वाडग्याच्या मधोमध एकच. माझ्याकडं खारातली कैरी असते, तेल नाही, मसाला नाही, नुसतं मीठ आणि आंबटपणा, तिची एक फोड पुरते. लिंबाचं तेलातलं लोणचं घालू नका, तेलाचे थेंब वर तरंगतात आणि खाली सगळी तीच चव उतरते. झेन मठांत सकाळचं जेवण हीच ओकायू, सोबत भाजलेले तीळ आणि मीठ कुटून केलेलं गोमाशिओ आणि मुळ्याचं लोणचं. तीळ-मीठ तर आपल्याला पाच मिनिटांचं काम आहे.

७ जानेवारीला तिथं सात हिरव्या पाल्यांची नानाकुसागायू खातात, नवीन वर्षाच्या गोडाधोडानंतर पोटाला आराम म्हणून. त्या सातांत एक मुळा आहे आणि एक सलगम, बाकीचे रानातले. जानेवारीत आपल्या बाजारात कोवळा मुळा पाल्यासकट मिळतोच, तो पाला बारीक चिरून, मिठाच्या पाण्यात पटकन उकडून, पिळून, शेवटी मिसळायचा. आईला ही सगळ्यात जास्त आवडली, बाबांना पाला नको होता.

एक मात्र आहे, ओकायू ठेवून खायची नाही, गार होता होता दाणे सगळं पाणी पिऊन घेतात. आणि घरात शिळा भात असेल तर त्याची ओकायू करायला जाऊ नका, त्याचं झोसुई करा: भात चाळणीत धुऊन घ्यायचा म्हणजे चिकटपणा जातो, मग भाज्यांच्या किंवा चिकनच्या उकळत्या पाण्यात घालून चार-पाच मिनिटं, वरनं फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडायचं, झाकण लावायचं आणि लगेच गॅस बंद.