शनिवारी आम्ही कुठे जातो

इंग्लंडमधल्या आमच्या डर्बीत नव्याने आलेलं एखादं मराठी कुटुंब गणपतीत भेटतं, ओळख होते आणि बोलता बोलता प्रश्न येतोच: "तुम्ही म्हणे दर शनिवारी मुलांना घेऊन बाहेर असता. इतकं बघायला आहे तरी काय इथे? आणि परवडतं कसं?" साताऱ्याहून मावशीही फोनवर हेच विचारते. पंगतीत बसून याचं उत्तर पुरं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आम्ही वाटा चालायला जातो. शेतांतून, ओढ्याकाठून, डोंगराच्या कडेने जाणाऱ्या साध्या पायवाटा. मला विचाराल तर इंग्लंडमध्ये बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि तिला तिकीट नाही.

हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. आल्या आल्या सगळे करतात तेच आम्हीही केलं. लंडनला तीन खेपा झाल्या. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम या तिन्ही ठिकाणी प्रवेश फुकट आहे, जरूर जा. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरही चुकवू नका. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. पण लंडन काही दर आठवड्याला होत नाही. मग मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला आम्ही एका मोठ्या अम्युझमेंट पार्कात गेलो. चौघांच्या तिकिटांत महिन्याचा किराणा आला असता. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, कुठल्याच मोठ्या पाळण्याला त्याची उंची पुरेना. थोरली सव्वा तास रांगेत उभी राहिली आणि तिचा नंबर आला तेव्हा पाळणा बंद पडला. परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई कुंपणापाशी भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहायच्या. मी आदल्या दिवसाचं सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि एक घडीचा नकाशा घेऊन आल्या. ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे काढणाऱ्या सरकारी संस्थेचा, नारिंगी कव्हरचा, एक्सप्लोरर मालिकेतला. घड्यांवर इतका विरला होता की मागून कापडी पट्ट्या चिकटवल्या होत्या. या नकाशात जमिनीवरचा एक किलोमीटर चार सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे एकेका शेताचं कुंपण, एकटं उभं असलेलं घर, झरा, सगळं दिसतं. बाईंनी एका हिरव्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ असेल तिथून जायचं. कुणाला विचारायचं नाही."

"पण हे तर कुणाचं तरी शेत आहे," मी म्हटलं.

"शेत त्याचं. वाट त्याची नाही."

त्या शनिवारी डर्बीहून मॅटलॉककडे जाणाऱ्या रेल्वेने निघालो आणि व्हॉटस्टँडवेलला उतरलो. रस्त्याच्या कडेला लाकडी खांब, त्यावर 'पब्लिक फुटपाथ' अशी पाटी. थोडं चढून गेलो तर समोर दगडी भिंत आडवी. इकडे डर्बीशरमध्ये शेतांना अशाच भिंती असतात, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. त्या भिंतीत दोन उंच दगड शेजारी शेजारी उभे केले होते आणि मध्ये एवढीच फट की माणूस अंग चोरून पलीकडे जाईल, मेंढीला मात्र जाता येणार नाही. भिंत ओलांडायच्या अशा जागेला इथे स्टाइल म्हणतात. दोन्ही दगडांच्या आतल्या कडा माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर गुळगुळीत झाल्या होत्या. खाली दगड खरखरीत, वर खरखरीत आणि मधली वीतभर जागा पाट्यावरवंट्यासारखी मऊ. किती माणसं इथून अंग घासून गेली असतील! धाकट्याने त्यावर गाल टेकवून पाहिला.

पलीकडे मेंढ्या चरत होत्या. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. दुसऱ्याच्या रानात पाय टाकायचा तर आधी बांधावरून हाक मारायची, हे अंगात मुरलेलं. पाय उचलेना. तेवढ्यात शेतकरीच आला, चार चाकांच्या मोटारसायकलवर, मागे कुत्रा. मी मुलांना जवळ ओढलं. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "पुढचं फाटक आठवणीने लावा, कोकरं आहेत." आणि गेला. एवढंच. त्या दिवशी आम्ही दोन तासांत जेमतेम चार किलोमीटर चाललो, आणि घरी येताना गाडीत दोन्ही मुलं एकाच वेळी बोलत होती.

नंतर मी या वाटांबद्दल मिळेल ते वाचत गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. बहुतेक जुन्याच. गावातून चर्चला, गिरणीला, बाजाराला जायच्या. १९४९ च्या कायद्याने त्यांची नकाशावर नोंद करणं भाग पडलं, आणि एकदा नोंद झाली की मालकाला ती आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. शेत नांगरलं तर ठरलेल्या मुदतीत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. उन्हाळ्यात कमरेएवढ्या बार्लीतून हातभर-दीड हात रुंद मोकळी पट्टी थेट पलीकडच्या फाटकापर्यंत गेलेली दिसते, तेव्हा मला आजही भरून येतं.

डोंगरमाथे मात्र पुष्कळ काळ बंद होते. पीक डिस्ट्रिक्ट या इथल्या डोंगराळ भागातला सगळ्यात उंच डोंगर किंडर स्काउट, ६३६ मीटर. जमीनदारांनी तो पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड. तिथल्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या माणसांना रविवारी डोंगर दिसायचा, पण चढता यायचं नाही. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी हेफील्ड गावाजवळच्या दगडखाणीत सुमारे चारशे जण जमले आणि बंदी मोडून वर निघाले. पुढे होता बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा. रखवालदारांशी झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये हाच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० सालच्या कायद्याने मोकळ्या डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला. त्या खाणीत आता आठवणीची पाटी आहे. थोरलीने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "नुसतं चालल्याबद्दल तुरुंगात टाकलं?" कागदावर गुन्हा दंग्याचा आणि मारहाणीचा होता, पण निघाले होते ते नुसतं चालायलाच.

मागच्या उन्हाळ्यात माझे वडील, आप्पा, तीन महिने आमच्याकडे राहून गेले. त्यांच्यामुळे या वाटांकडे बघायची माझी नजर बदलली, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहिते.

आमच्या रानाकडे जाणारी पाणंद आहे. लहानपणी तिच्यातून बैलगाडी जायची, दोन्ही अंगांना निवडुंग आणि घाणेरी. एकाने बांध रेटत रेटत आणला आणि आता तिथून मोटारसायकल जेमतेम निघते. ऊस तुटला की डोक्यावरून वाहायचा. आप्पांनी १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. पंचनामा झाला, तारखा चालू आहेत. साताऱ्यातल्या शेतकऱ्याला वाट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

तर आप्पांना घेऊन आम्ही त्याच पहिल्या वाटेला गेलो. त्या दोन दगडांच्या फटीपाशी ते थांबले, दगडावर तळवा ठेवून उभे राहिले.

"हे कोन राखतं?"

"पाटी कौन्सिलने लावायची आणि ही ओलांडायची जागा शेतकऱ्याने नीट ठेवायची."

"म्हंजी त्याच्या रानातनं आपुन जायचं, आन दगडं बी त्यानंच सांभाळायची?"

"हो."

आप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या प्रत्येक फाटकाशी मात्र ते मागे राहायचे आणि कडी स्वतः लावायचे, दोनदा ओढून बघायचे.

ऑगस्टमध्ये त्यांना ईम गावाला नेलं. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्याबरोबर प्लेग आला, असं तिथे सांगतात. पुढच्या वर्षी साथ पुन्हा भडकली तेव्हा विल्यम मोम्पेसन या पाद्र्याने लोकांना समजावलं आणि गावाने स्वतःला कोंडून घेतलं. वेशीबाहेर कुणी जायचं नाही, आजूबाजूच्या गावांना रोग द्यायचा नाही. गावातली सुमारे २६० माणसं गेली, मोम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. घराघरांवर आता पाट्या आहेत, कोणत्या घरातलं कोण कधी गेलं त्याच्या. तिथे गर्दी असते. पण ईमहून स्टोनी मिडलटनला जाणारी एक पायवाट आहे आणि तिच्या कडेला कुरणात एक बसका धोंडा आहे. त्यात सहा भोकं आहेत. नाण्यांवरून रोग जाऊ नये म्हणून गावकरी त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवायचे, पलीकडचे लोक धान्य ठेवून नाणी घेऊन जायचे. तो धोंडा म्हणजे गावाची शीव.

आप्पा त्या धोंड्याशेजारी गवतात बसले आणि एका भोकात करंगळी घातली. आत पावसाचं पाणी होतं. मग ते मुलांना सांगायला लागले. त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं, मला कधीच न सांगितलेलं. घरात उंदीर मरून पडला की तवा-परात उचलायची आणि रानात जायचं. सगळं गाव रानात, कडब्याच्या झोपड्या घालून. गावात दिवा नाही. पिकाला पाणी द्यायला गेलेला माणूस संध्याकाळी परत आला नाही तर त्याला शोधायला जायची भीती. आणि सावित्रीबाईंची गोष्ट त्यांनी सांगितली. आपल्या नायगावच्या त्या. प्लेगने आजारी पडलेल्या पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, मग त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, म्हणजे आपण गाव सोडून बाहेर गेलो, आणि हे लोक आत राहिले."

"व्हय," आप्पा म्हणाले, "ज्याला जसं सुचलं तसं त्यानं केलं."

आम्ही डबा तिथेच खाल्ला.

आता परवडण्याचं. एका नकाशावर आमची कित्येक वर्षं निघाली. आमच्या भागासाठी 'डार्क पीक' आणि 'व्हाइट पीक' हे दोन पुरतात. रेल्वेने जाणार असाल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. कचरा घरी परत आणायचा, केळ्याचं सालसुद्धा. खर्च करायचाच तर बुटांवर आणि पाऊस न झिरपणाऱ्या जाकिटांवर करा, बाकी काही नवं घेऊ नका. पावसाची वाट बघत घरात बसलात तर वर्ष जाईल. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा हिवाळ्यात जेवणाआधीच अर्धी वाट झाली पाहिजे. वासरांसोबतच्या गायी दिसल्या तर लांबून वळसा घ्या, मधून जाऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

सुरुवात कुठून करायची? लहान मुलं असतील तर चॅट्सवर्थच्या आवारातून डर्वेंट नदीच्या काठाने चाला. महालाला तिकीट आहे, नदीकाठाला नाही. डव्हडेलमधले नदी ओलांडायला टाकलेले दगड सुंदर आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तिथे तोबा गर्दी असते.

आणि मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर मॅम टॉर. ५१७ मीटर. नावाचा अर्थ 'आईचा डोंगर'. हा डोंगर सतत खचत असतो. त्याच्या पायथ्याने मोठा रस्ता जायचा, तो खचायचा, पुन्हा डांबर घालायचे, पुन्हा खचायचा. शेवटी १९७९ मध्ये रस्त्याने हात टेकले आणि तो कायमचा बंद झाला. आता त्यावरून पायी जाता येतं. मधली पांढरी रेघ दिसते, ती चालता चालता पुरुषभर खाली उतरते आणि पलीकडे तिरकी पुन्हा चढते. तुटलेल्या कडेला डांबराचे थर मोजता येतात. दर वेळी केलेली दुरुस्ती एकावर एक, खारी बिस्किटासारखी. आमच्या मुलांनी तिथे अख्खी दुपार घालवली आहे.

आप्पा सप्टेंबरात परत गेले, तहसीलला तारीख होती. दर शनिवारी भारतात दुपार असते तेव्हा ते फोन करतात आणि थोरलीला विचारतात, "आज कुठल्या रानातनं?" ती नकाशा टेबलावर पसरून बोटाने रेघ धरून त्यांना गावांची नावं सांगते.

येत्या शनिवारी हेफील्डला जायचं आहे, त्या खाणीपासून वर. साडेसातला निघतो. आप्पांची जागा गाडीत सध्या रिकामी आहे. यायचं असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा, धपाटे त्या हिशोबाने करीन.